आठव्या घरचं कापड

१

माझ्या फाटकाला एक खाकी कापडी पिशवी टांगलेली असते. बायकांनी येता-जाता तिच्यात साडी टाकायची, सोबत नावाची चिठ्ठी टाकायची, आणि दोन दिवसांनी फॉल-पिको केलेली साडी घेऊन जायची. बेल वाजवायची नाही, चहाला थांबायचं नाही. अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत फॉल-पिको करणाऱ्या आम्ही तिघी आहोत, पण पिशवी फक्त माझ्याच फाटकाला. पौर्णिमाकाकूंना माणसांचा कंटाळा आहे, असं लोक म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

माझी मुलगी प्रतीक्षा सातव्या महिन्यात शेंदूरजनाघाटहून माहेरी आली. येताना मोबाइलवर एका दुपट्याचा व्हिडिओ घेऊन आली. फ्लॅनेलचे चौकोन एकमेकांना जोडायचे, पण शिवण आत लपवायची नाही, वरच ठेवायची. मग त्या कडांना कात्रीने जवळजवळ काप द्यायचे आणि दुपटं धुवायचं. धुतलं की कडा फुलतात, सगळ्या दुपट्यावर मऊ झालरी उभ्या राहतात.

"आई, असं शिवून दे ना," ती म्हणाली. तिने स्वतःहून काही मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन कापड आणणार होते. समोरच्या माणिकबाईंनी मला फाटकातच अडवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि सगळ्या गल्लीची चौकशी अजून तिच्याकडेच.

"नवं आनू नको व. पोरीचं पहिलं गेलं ना? मंग याच्या आंगाले नवं कापड नाही लावत. सात घरून मागून आन. ज्या घरी लेकरू हसून-खेळून राहिलं, त्याच घरून. पदर पसरून मागजो, अन् देनारीले लेकराचं नाव घ्याले लावजो."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी नवंच आणलं होतं. पिवळं फ्लॅनेल, त्यावर बदकाची पिल्लं. त्याचं दुपटं शिवून, धुऊन, घडी करून दवाखान्यात नेलं होतं. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, सुंदर. ती रडलीच नाही. प्रतीक्षा शुद्धीवर नव्हती. मीच त्या नातीला त्या दुपट्यात गुंडाळलं आणि ह्यांच्या हातात दिलं. गुंडाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ मी तिला पाहिलं. तिचं नाव ठेवलं नाही. पुढे घरात कोणी तिचा विषयही काढला नाही.

म्हणून या वेळी माणिकबाईंचं ऐकायचं ठरवलं. पण सात फाटकांपुढे उभं राहून पदर पसरायची मला लाज वाटली. मी सात जणींना मोबाइलवरून निरोप पाठवला : मुलांचं जुनं फ्लॅनेल असेल तर माझ्या पिशवीत टाका, चिठ्ठीवर मुलाचं नाव लिहा. एवढीच माझी चूक. अजूनही मला ती मोठी वाटत नाही.

२

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. मी ती कटिंगच्या टेबलावर उपडी केली. झबली, टोपडी, एक छोटी कुंची, दोन दुपट्यांचे अर्धे भाग. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. सातही नावं आली होती. मी मनातल्या मनात सगळ्या जणींना शाबासकी दिली.

मग पिशवी झटकली, तर तळाशी अडकलेलं आणखी एक कापड पडलं. त्याला चिठ्ठी नव्हती.

पिवळं फ्लॅनेल होतं, बदकाच्या पिल्लांचं.

मी घाबरले, हे कबूल करते. पण लगेच स्वतःला दटावलं. बाजारात एक छाप आली की अर्ध्या जिल्ह्याची पोरं तीच पांघरतात. कोणाकडेही असू शकतं. मी ते उचललं आणि टेप लावली. सहा इंच बाय सहा इंच.

चौकोन किती मोठे कापायचे, हे मी त्याच सकाळी ठरवलं होतं. प्रतीक्षालाही सांगितलं नव्हतं.

ठीक आहे, योगायोग म्हणू. पण माझ्या कात्रीच्या पात्याला टोकापासून दोन बोटांवर बारीक खांड पडली आहे. त्या जागी कापड नीट कापलं जात नाही, एक धागा ओढला जातो. सवयीने मी दर वेळी तो धागा तोडून टाकते. त्या पिवळ्या चौकोनाच्या चारही बाजूंना, दोन बोटांवर, एकेक ओढलेला धागा होता.

मी कात्री बाजूला ठेवली. आतल्या खोलीत प्रतीक्षा मोबाइलवर गाणी ऐकत होती. मी उठून दार लोटून घेतलं.

३

रूपाली दोन घरं सोडून राहते. तिची खुशी अडीच वर्षांची. मी रूपालीला हाक मारून बोलावलं आणि पिवळा चौकोन दाखवला.

"हे तूच टाकलं का गं?"

"नाही काकू. म्या खुशीचं गुलाबी दुपटं टाकलं. चिठ्ठी लावली ना त्याले." तिने चौकोन हातात घेतला, उलटसुलट केला. "पन ज्याचं हाये त्या पोट्ट्यानं लय वापरलं बरं. पाहा ना, खुशीच्यासारखंच झालं."

मी तोवर फक्त छाप पाहिली होती, कापड पाहिलंच नव्हतं. आयुष्यभर कापडात हात घातलेली बाई मी, आणि मला रूपालीने सांगावं. तिचं गुलाबी दुपटं मी शेजारी ठेवलं. दोन वर्षं रोज धुतलेल्या फ्लॅनेलची लव मरते, तिचे बारीक गोळे होतात, रंग मधूनमधून उडतो. दोन्ही कापडं सारखीच विटली होती. पिवळ्यावर वरणाचा एक जुना डाग होता, धुऊन धुऊन फिका झालेला. आणि एक कोपरा चघळलेला होता. दात येताना पोरं चघळतात तसा. बोटाने चाचपलं तर दातांच्या खुणाही लागल्या, वर दोन आणि खाली दोन.

हायसं वाटलं मला. आमच्या बदकांच्या कापडावर डाग पडायला कोणी उरलंच नव्हतं. ते मी गुंडाळलं तेव्हा कोरं करकरीत होतं. म्हणजे हे दुसऱ्याच कोणाचं.

मी बाकीच्या सहा घरी फोन केले. सहाही जणी नाही म्हणाल्या.

४

हे, म्हणजे किसनराव, एस.टी.त कंडक्टर आहेत. अकोट फेरी करून दुपारी जेवायला आले, तेव्हा मी वाढता वाढता विचारलं.

"ते दुपटं तुम्ही तसंच ठेवलं होतं ना? सोडलं तर नव्हतं?"

कोणतं दुपटं, असं त्यांनी विचारलं नाही. घास हातात तसाच राहिला.

"म्या अन् जावयानं आपल्या वावराच्या धुऱ्यावर मातीत ठेवलं तिले. दुपट्याले गाठ मारली म्या. दोन गाठी मारल्या. आता कावून काढून राहिली ते?"

"असंच."

"असंच नको काढू," ते म्हणाले, आणि पुढे जेवले नाहीत. ताटावरून उठताना त्यांचे डोळे भरलेले दिसले. दोन वर्षांत मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की त्या दिवशी त्यांचं काय झालं. मला फार वाईट वाटलं.

पिवळा चौकोन मी बटणांच्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि कामाला बसले. सात घरची कापडं, प्रत्येकाचे पाच चौकोन, म्हणजे पस्तीस. आडवे पाच, उभे सात. कापून झाल्यावर टेबलावर मांडले, तर चौतीसच भरले. एका घरचं कापड कमी निघालं होतं, त्यात चारच बसले. यात गूढ काही नाही, माझाच अंदाज चुकला. रंग जुळवत मी कडेकडेने मांडत आले, आणि रिकामी जागा बरोबर मधोमध राहिली.

माणिकबाई संध्याकाळी डोकावल्या. त्यांनी मांडलेलं दुपटं पाहिलं, मधली जागा पाहिली, आणि टेबलावर पिवळा चौकोन पाहिला. तो मी डब्यातून कधी काढला, ते मला आठवत नव्हतं. बटणं शोधताना काढला असेन.

"हे कोनी देलं?"

"पिशवीत होतं."

"पिशवीत?" त्या खुर्चीवर बसल्या. "मागाले नाही गेली तू?"

"माणिकबाई, सात दारं फिरायला माझे गुडघे..."

"गुडघ्याचं काय सांगतं मले. पिशवीत कोनीबी टाकते माय. मागितलं की देनारीचं तोंड दिसते आपल्याले." त्यांनी चौकोनाला हात लावला नाही. "ज्याचं हाये त्याले जाऊन विचार."

कोणाला विचारू, असं मी म्हणाले. त्या उठल्या. घरी जाताना नेहमी मागतात तो चहाही त्यांनी मागितला नाही.

५

माझा स्वभाव हट्टी आहे. मी बाजारातून पिवळं कोरं फ्लॅनेल आणलं, एक चौकोन कापला आणि मधोमध जोडून टाकला. नवं लावू नको म्हणे. पस्तिसात एक नवं असलं तर कोणाचं काय बिघडणार होतं?

डॉक्टरबाईंनी प्रतीक्षाला एक काम दिलं होतं. दुपारी जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं. दहा धक्के व्हायला हवेत. आमचं बाळ मोठं गुणी, बरगडीखाली लागोपाठ दोन-दोन लाथा मारत अर्ध्या तासात दहा पुरे करायचं. प्रतीक्षा मोठ्याने मोजायची, आणि मी मशीनवर बसून ऐकायची. दिवसातला तेवढा अर्धा तास मी घाबरलेली नसे.

त्या दुपारी मी मशीन थांबवून वाट पाहत होते. एक आला, दोन आले, बऱ्याच वेळाने तीन आला. मग काहीच नाही. साखरेचं पाणी दिलं, कूस बदलायला लावली. पाच वाजले. प्रतीक्षाने मोजणं सोडून दिलं. तिचा चेहरा दोन वर्षांपूर्वी होता तसा झाला, आणि तो चेहरा पुन्हा पाहण्यापेक्षा मला मरण आलेलं चाललं असतं.

रिक्षा करून दवाखान्यात गेलो. पोटाला यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. "बाळ झोपलं असेल काकू, एवढं घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर मधला नवा चौकोन उसवला.

दुसऱ्या दिवशी दहा भरायला तीन तास लागले. तिसऱ्या दिवशी सातच भरले. पुन्हा दवाखाना, पुन्हा ठोके व्यवस्थित. उद्यापासून रोज सकाळी तपासायला या, असं त्यांनी सांगितलं, आणि या वेळी त्या हसल्या नाहीत.

मी जावयाला, सागरला, फोन केला. त्याची संत्र्याची तोडणी चालू होती. तो लगेच निघतो म्हणाला. मग मी पिवळा चौकोन रुमालात बांधला, आणि सकाळी सागर प्रतीक्षाला दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा अकोटची बस पकडली.

मनाशी पक्कं ठरवलं होतं. कोणाचंही असो, जिथे शोभेल तिथे पुरून यायचं आणि मोकळं व्हायचं.

६

आमचं वावर अकोटच्या अलीकडे, फाट्यापासून दहा मिनिटांवर आहे. धाकटे दीर भगवंत ते पाहतात. मी न सांगता आल्याचं पाहून ते गोंधळले.

"वहिनी, तुमी? प्रतीक्षा बरी हाये ना?"

"बरी आहे. मला ती जागा दाखवा भाऊजी."

त्यांनी डोक्यावरचा गमछा काढला. काही न विचारता पुढे चालू लागले. हरभरा कमरेच्या खाली, घाट्यांनी लगडलेला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन छान होतं, पलीकडच्या शेतात बायका बोलत होत्या. मला अजिबात भीती वाटत नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारा म्हणेल की तू घाबरलेली होतीस म्हणून तुला तसं दिसलं.

शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ पोचलो. बोरीच्या झाडाखाली खोलीएवढ्या जागेत हरभरा नव्हताच.

"इथं पेरलं नाही का?"

"पेरतो ना. उगवते पन. मंग असं होऊन जाते." भगवंतभाऊजी जमिनीकडे पाहत होते. "पयल्या साली येवढीशीच जागा होती, सुपायेवढी. मले वाटलं रानडुक्कर लोळते. पन डुक्कर उकरते वहिनी. हे तर लेकराइनं खेळून खेळून तुडवल्यासारखं दिसते. कोनाचे लेकरं येतात काय मालूम. म्या तर कधी पाहिले नाही."

काळी माती अंगणासारखी गुळगुळीत झाली होती. आमच्याकडची काळी माती हिवाळ्यात भेगाळते, पण तिथे एकही भेग नव्हती. कडेला, जिथे ओल होती, तिथे टाचा उमटलेल्या दिसत होत्या. माझ्या अंगठ्याने झाकली जावी एवढी एकेक टाच.

"तुमी बसा सावलीत. म्या मोटर बंद करून येतो," म्हणून ते गेले. त्यांना तिथे थांबायचं नव्हतं, हे मला कळलं.

७

मी रुमाल सोडला. पिवळा चौकोन त्या मातीवर ठेवला, उडू नये म्हणून त्याच्यावर एक ढेकूळ ठेवलं. खड्डा करायला काही आणलं नव्हतं, आणि त्या जमिनीत बोटं घालायची माझी छाती झाली नाही. "तुझं तुला," असं मी पुटपुटले आणि वळले.

चार पावलं गेले असेन. मागे हरभऱ्यात खसखस झाली. वाळत आलेले घाटे एकमेकांवर आपटतात तसा आवाज. मी थांबले, आवाज थांबला. चालले, पुन्हा आला. वारा नव्हता. पलीकडच्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कोणीतरी हसलंही. मी थांबले की आवाज माझ्या मागे एक-दोन पावलांवर येऊन थांबायचा.

मागे वळून पाहावं, कुत्रं असेल, एवढं सोपं होतं. मला मान वळवता आली नाही. आणि त्याच वेळी, इतक्या भीतीतही, मला रडू फुटलं. दोन वर्षांत या पोरीला आमच्यापैकी कोणी हाक मारली नव्हती. भिकाऱ्यालासुद्धा आपण नाही म्हणायला दारापर्यंत जातो. ती दारापर्यंत आली, पिशवीत आपलं कापड टाकून गेली, आणि मी ते तिला परत करायला आले होते.

मी तिथेच गुडघ्यांवर बसले. मान खाली घातली आणि पदर पसरला. जे सात घरी करायची लाज वाटली, ते तिथे केलं.

"माय," मी म्हणाले, "तुह्या आईले लेकरू दे. जितं दे."

कित्येक वर्षांत माझ्या तोंडून अशी बोली निघाली नव्हती. पोटातून आलं ते तसंच निघालं. एवढंच म्हणाले मी, आणखी काही नाही. कोणतं लेकरू, ते म्हणाले नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग पदर जड झाला.

माझी नजर खालीच होती, म्हणून जे दिसलं ते तेवढंच. पदराच्या काठावर चार बोटं. लहान, गुबगुबीत, नखांत काळी माती भरलेली. त्यांनी काठ घट्ट धरला होता, पोरं आईचा पदर धरतात तसा. मी श्वास घेतला, तोवर ती बोटं नव्हती. ओझं मात्र पदरात एक क्षण राहिलं. तीन-साडेतीन किलो. मी नातवंडं नसलेली आजी, पण दवाखान्यात एकदा ते वजन हातांवर घेतलं होतं. हात विसरत नाहीत.

पदरात फक्त पिवळा चौकोन पडलेला होता, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा गरम.

फोन वाजला. प्रतीक्षा होती. रडत होती की हसत होती ते कळेना.

"आई, आत्ता ना, यंत्र लावलेलं होतं, अन् ठोके एकदम बंद झाले. सगळे धावले. पन मंग आले आई. जोरात आले. आता इतकं हलून राहिलं! एक डाव्या बाजूले, एक उजव्या बाजूले, मंग डाव्या. पोटात चालून राहिलं असं वाटते."

८

दुपटं मी दोन दिवसांत पुरं केलं. पिवळा चौकोन मधोमध बसवला, सगळ्या कडांना काप दिले आणि धुऊन गच्चीवर वाळत घातलं. झालरी अशा काही फुलल्या की रूपालीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. माणिकबाईंनी मधल्या चौकोनावरून हात फिरवला.

"मागून आनलं?"

"हो."

"काय मागितलं?"

"लेकरू," मी म्हणाले. त्या पुढे काही विचारतील म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

रोज दहा भरत होते, पाच मिनिटांत. पण आता त्या लाथा राहिल्या नव्हत्या. प्रतीक्षाच्या पोटावर हात ठेवला की कळायचं. एक इकडे, एक तिकडे, एक इकडे, एक तिकडे, मध्ये थोडी विश्रांती, आणि पुन्हा. घरातले सगळे आनंदात होते. हे डेपोतून येताना रोज काहीतरी आणायचे. एकटी मीच रोज दुपारी पोटावर हात ठेवून ती जुनी लाथ शोधत होते. मी वावरात जाऊन येण्याआधी हे बाळ एकाच ठिकाणी मारायचं, बरगडीखाली, दोनदा लागोपाठ. तसं पुन्हा एकदाही झालं नाही. बाळं पोटात फिरतात, जागा बदलतात. डॉक्टरबाईंनीच सांगितलं तसं.

तारखेच्या दहा दिवस आधी, सकाळी नऊ वाजता ती झाली. मुलगी, तीन किलो तीनशे. रडली. अशी रडली की बाहेर बसलेल्या ह्यांनी आणि सागरने एकमेकांना मिठी मारली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, आणि तो खोटा होता असं मी कधीही म्हणणार नाही.

नर्सने तिला पुसून माझ्या हातात दिलं. मी दुपटं उलगडलं, तिला त्यावर ठेवलं, पाय आत घ्यायला धरले.

तळवे मऊ नव्हते.

टाचा राठ होत्या. अंगठ्याखाली घट्टे होते, अनवाणी हिंडणाऱ्या पोरांना पडतात तसे. टाचेच्या कडेला दोन बारीक भेगा होत्या आणि त्या भेगांत काळं काहीतरी होतं.

"दिवस वर गेले की पायाची कातडी अशी कोरडी होते काकू," नर्स म्हणाली. "तेल लावत जा."

"दिवस वर गेले नाहीत," मी म्हणाले. पण ती दुसऱ्या खाटेकडे निघून गेली होती.

९

मी सोबत नेलेल्या पिशवीतून पायमोजे काढले आणि तिच्या पायांत घातले. तीन दिवस काढू दिले नाहीत. आंघोळ मी घालायची, तेल मी लावायची. फेब्रुवारी संपत आला होता, अकोल्यात दुपारी पंखा लावावा लागत होता. घरी आल्यावर सगळे मला हसू लागले. सागर म्हणाला, "आई, तिले काय काश्मीरले पाठवता काय?" मी पण हसले. भेगांतलं काळं मी रोज कापसाने पुसत होते. मातीच होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन खोलीत गेले, तर प्रतीक्षाने बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि पायमोजे काढून बाजूला ठेवले होते. माझ्या हातातला कप कलंडला. ती दोन्ही तळवे आपल्या तळहातांवर घेऊन पाहत होती. कितीतरी वेळ पाहत होती. दोन वर्षांपूर्वी तिला कोणी काही दाखवलं नव्हतं. दुपट्याची छाप कोणती होती, तिला कुठे ठेवलं, कोणत्या झाडाखाली, यातलं काहीही तिला माहीत नव्हतं.

तिने खाली वाकून एका टाचेला गाल लावला, मग दुसऱ्या.

"दमली माझी बाई," ती म्हणाली. "किती चालून आली तू."

बाळ तिच्याकडे पाहत होतं. चार दिवसांचं लेकरू जसं धूसर पाहतं तसं नाही. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

प्रतीक्षाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. इतकं सुखी मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "ही तुले कुठं भेटली, ते मले नको सांगजो." आणि पदराखाली घेऊन तिला पाजू लागली.

मी सांडलेला चहा पुसला. माझी लेक सुखी आहे, माझी नात घरी आली आहे. मी मागितलं आणि मला मिळालं. फक्त दुपारी सगळे निजले की मी मशीन थांबवून बसते. बरगडीखाली दोनदा लागोपाठ लाथ मारणारं एक लेकरू सात महिने माझ्या लेकीच्या पोटात वाढलं होतं. त्याला मी कोणाच्या हवाली करून आले, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.